घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ निवडताना: सातारा-सांगलीच्या हवेत, विजेवर आणि जागेत

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या गोल ब्लेडवर लाकूड सरकवून कापायचं मशीन, बघायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मोटर किती एचपीची? दुसरा, ब्लेड किती इंची? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण मशीन एवढ्यावरून ठरवलं तर पुढे पस्तावायची पाळी येते. १० इंची ब्लेड आणि दोन-अडीच एचपीची मोटर घरगुती वापराच्या बहुतेक मशीनना असतेच. खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी. ज्या पट्टीला टेकवून लाकूड पुढे सरकवायचं ती पट्टी, म्हणजे फेन्स, घट्ट केल्यावर दरवेळी सरळच बसते का? आणि ब्लेडच्या मागे उभा असणारा पोलादी पत्रा, रायविंग नाइफ, मशीनला आहे का? कामाची सफाई फेन्सवर अवलंबून असते आणि बोटांची सुरक्षा या पत्र्यावर. त्यामुळे निवडीचा सगळा भर या दोन ठिकाणी ठेवा. पण दुकानाची पायरी चढण्याआधी घरी थोडा हिशोब करावा लागतो.

आधी काम ठरवा

प्लायचं शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. १९ मिमी जाडीच्या शीटचं वजन ३० ते ३५ किलोच्या घरात जातं. एवढं धूड छोट्या टेबलावर एकट्याने सरकवताना मागचं टोक खाली झुकतं, शीट फेन्सपासून सुटतं आणि ब्लेडला तिरकं लागतं. म्हणून घरच्या वर्कशॉपमध्ये अख्खं शीट टेबल सॉवर चढवूच नका. शीट जमिनीवर दोन रिपांवर आडवं टाकायचं, सरळ पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि हातातल्या सर्क्युलर सॉने एक सूत जास्त ठेवून तुकडे करायचे. नेमक्या मापाचा शेवटचा काप तेवढा टेबल सॉवर घ्यायचा. वर्षाकाठी एखादं कपाट आणि दोन शेल्फ एवढंच काम असेल आणि तेही फक्त प्लायचं, तर चांगला सर्क्युलर सॉ आणि त्याची मार्गदर्शक पट्टी घ्या. टेबल सॉची घाई करू नका.

टेबल सॉची खरी गरज पडते ती उभ्या चिरकामाला, म्हणजे लाकूड रेषांच्या दिशेने लांबीत कापायला. एकाच रुंदीच्या वीस पट्ट्या, दाराच्या पॅनेलच्या चौकटी, ड्रॉवरच्या बाजू, खाचा. घनलाकडात (प्लाय नव्हे, अखंड लाकडात) काम असेल तर आधी सर्वांत जाड माल मोजा. सागवानी चौकट साधारण ४ बाय २½ किंवा ५ बाय ३ इंचांची असते. १० इंची ब्लेड सरळ उभं असताना ७९-८० मिमीपर्यंत कापतं, म्हणजे ३ इंच (७६ मिमी) जेमतेम निघतं. तेच ब्लेड ४५ अंशांत कललं की खोली ५५ मिमीच्या आसपास येते. सव्वाआठ इंची (२१० मिमी) ब्लेडच्या मशीनवर ब्लेड सरळ उभं असताना काप ६५ मिमीच्या आसपास मिळतो. प्लाय आणि फर्निचरच्या फळ्यांना तो पुरतो, चौकटीला पुरत नाही.

वाई-सातारा भागात जुना वाडा उतरवला की तुळया, खांब, फळ्या विकायला येतात. ते सागवान उत्तम वाळलेलं असतं, पण त्यात पन्नास-शंभर वर्षांचे लहान-मोठे खिळे बसलेले असतात. डोकं गंजून झडतं, आतला तुकडा राहतो आणि वरून नुसता काळा ठिपका दिसतो. सागवानात लोखंडाभोवती असा काळा डाग पडतोच, त्यामुळे ठिपका दिसला की खिळा आहे असंच धरून चाला. जुन्या स्पीकरमधलं दमदार चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा. पृष्ठभागाजवळचा खिळा कळतो. खोलवरच्या खिळ्यासाठी हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर लागतो. एक खिळा ब्लेडचे चार-पाच दात उडवतो आणि उडालेला कार्बाइडचा कण थेट तोंडाच्या दिशेने येतो. असा माल नियमित कापणार असाल तर त्यासाठी स्वस्तातलं वेगळं ब्लेड ठेवा.

बाभळीच्या कुळव-पाभरीच्या दांड्या, लोड, खुरप्यांच्या मुठी असं काम असेल तर मोटर दमदार हवी आणि हात सावकाश हवा. बाभूळ घट्ट असते. ओली असताना चिरली तर कापलेल्या दोन्ही बाजू ब्लेडवर मिटतात, आणि मिटलेल्या लाकडाला ब्लेड उचलून फेकतं. साल असलेला गोल ओंडका टेबल सॉवर कधीच घालायचा नाही. त्याला टेकायला सपाट बाजू नसते, तो ब्लेडवर गरकन फिरतो. ओंडका सॉ मिलमध्ये चिरून आणायचा.

मिरजेच्या तंतुवाद्यांसारखं वळणदार काम किंवा जाड लाकडातून पातळ फळ्या काढायचं काम डोक्यात असेल, तर तो बँडसॉचा (उभ्या फिरत्या पट्टीच्या ब्लेडच्या मशीनचा) प्रांत आहे. टेबल सॉवर प्रत्येक कापात ३ मिमी लाकडाचा भुसा होतो. महागाच्या लाकडात तो परवडत नाही.

जागा, पाऊस आणि पूर

आठ फुटी फळी चिरायला ब्लेडच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. टेबल धरून १८-१९ फूट. एवढी सलग खोली क्वचितच कुणाकडे असते. मशीन दाराच्या रेषेत ठेवा, म्हणजे लांब फळी पडवीतून आत येईल किंवा अंगणात बाहेर जाईल. चाकांचं स्टँड घेतलंत तर बाकी वेळी मशीन भिंतीला लावता येतं. चाकांना ब्रेक हवेतच. लाकूड ढकलताना मशीन दोन बोटं जरी पुढे सरकलं तरी काप बिघडतो.

आपल्याकडे तालुक्यागणिक हवा बदलते आणि ती या निवडीत धरावी लागते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत पाणी असतं. तिथे ओतीव लोखंडाचा टॉप आठवड्यात तांबूस होतो. माण, खटाव, आटपाडी, जत इथे तोच टॉप वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. ओल्या भागात काम करणाऱ्याने ॲल्युमिनियम टॉपचं मशीन घ्यावं, नाहीतर लोखंडी टॉपला महिन्यातून एकदा फर्निचरचं मेण चोळायची तयारी ठेवावी. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश चालत नाही. ते लाकडाला लागतं आणि नंतर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारताना तिथे गोल खड्डे पडतात. गंजाबरोबर लाकडाचंही पाहा. पाटणकडची फळी जतमध्ये आणून त्याच दिवशी चिरली तर ती चिरता चिरता वाकते. पंधरा-वीस दिवस वर्कशॉपमध्ये रिपा मध्ये घालून थप्पी लावून ठेवा, मग चिरा.

कृष्णाकाठी, म्हणजे सांगली शहराचा सखल भाग, पलूस, वाळवा, मिरज तालुक्यातली नदीकाठची गावं, इथे आणखी एक कसोटी लावा. मशीन दोन माणसांना जिन्याने वर नेता येईल का? २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांनी पाहिलेत. ३० किलोचं जॉबसाइट मशीन (उचलून नेता येणारं हलकं टेबल सॉ) माळ्यावर चढतं. १५० किलोचं ओतीव लोखंडी मशीन चढत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. तुमच्या वर्कशॉपला कोणत्या फुटाला पाणी लागतं ते भिंतीवर लिहून ठेवा आणि जड मशीन घेतलंच तर मोटर चार नटांत सुटेल अशी बसवून घ्या. सांगाडा धुऊन पुसून परत वापरता येतो, बुडालेली मोटर रिवाइंडिंगलाच जाते.

वीज

घरगुती जोडणी सिंगल फेज, २३० व्होल्ट. १८०० वॉटचं मशीन चालताना साधारण ८ अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते चालवायचं नाही. मीटरपासून वेगळी लाईन ओढा. २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच (बी प्रकारचा सुरू होतानाच्या झटक्याने पडतो), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पडणारा स्विच, आणि खरंखुरं अर्थिंग.

एक्स्टेन्शनचा हिशोब एकदा नीट समजून घ्या, कारण मोटर जळायची निम्मी कारणं इथे असतात. बाजारातल्या ०.७५ चौ. मिमीच्या वीस मीटर वायरवर ८ अँपिअर गेले की सुमारे ८ व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. २.५ चौ. मिमीच्या वायरवर हाच तोटा अडीच व्होल्टच्या आसपास राहतो. गावात संध्याकाळी आधीच दाब १९०-२०० वर आलेला असेल तर पातळ वायर जिवावर उठते. शिवाय रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते आणि आवरण वितळतं.

शेतीपंपाच्या थ्री फेज जोडणीवरून मशीन चालवायचा मोह टाळा. तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाची आकारणी होते. घरचा इन्व्हर्टर या मशीनला पुरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काप अर्धा झालाय आणि लाईट गेली. तुम्ही लाकूड सोडून बाजूला झालात. दहा मिनिटांनी लाईट आली आणि ब्लेड आपोआप फिरायला लागलं. मशीनला नो-व्होल्ट स्विच असेल तर असं होत नाही. वीज आली तरी बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर उठत नाही. दुकानात तपासायला अर्धा मिनिट लागतो. मशीन चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, ब्लेड थांबू द्या, भिंतीवरचं बटण परत चालू करा. ब्लेड फिरलं तर ते मशीन घेऊ नका, नाहीतर असा स्टार्टर बसवूनच घ्या.

बाजारात काय काय मिळतं

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा टांगून केलेला जुगाड. हा करू नका. चार इंची कटर मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्या मारतो, काप जेमतेम सव्वा इंच खोल जातो, फेन्स म्हणजे क्लॅम्पने आवळलेली पट्टी आणि ब्लेडमागे काहीच नाही. बटण अडकवून ठेवलेलं असतं, त्यामुळे गडबड झाली तर बंद करायला हात टेबलाखाली घालावा लागतो. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं त्याहून वाईट.

दुसरा प्रकार जॉबसाइट मशीनचा. वजन २५ ते ४० किलो, कार्बन ब्रशची मोटर, ॲल्युमिनियम टॉप. बॉशचं जीटीएस २५४ (१८०० वॉट), मकिताचं एमएलटी १०० (१५०० वॉट, २६० मिमी ब्लेड), डिवॉल्टचं डीडब्ल्यूई ७४९२ (२००० वॉट) ही या वर्गातली नावं. आवाज कर्कश असतो, कानाला मफ लावल्याशिवाय चालवायचं नाही आणि दुपारी शेजारी झोपलेले असताना तर नाहीच. पण रायविंग नाइफ, गार्ड आणि संरक्षित स्विच कारखान्यातूनच लागून येतात, म्हणून घरच्या वर्कशॉपसाठी आमची पहिली पसंती याच वर्गाला आहे.

तिसरा प्रकार आपल्या भागातल्या प्रत्येक सुतारकामाच्या शेडमध्ये दिसतो. रंधा आणि कटर एकत्र, पट्ट्यावर चालणारी इंडक्शन मोटर, ओतीव लोखंड. मजबूत, शांत, दुरुस्ती गल्लीतल्या गल्लीत होते. टॉप वाकला असेल तर कुपवाड किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये सपाट करून घेता येतो. दोष एकच, पण मोठा. गार्ड आणि रायविंग नाइफ बहुतेक वेळा नसतात, आणि असले तरी काढून कोपऱ्यात टाकलेले असतात. अशा मशीनवर ब्लेडचा वेग आधी काढून पाहा. मोटरच्या फेऱ्या गुणिले मोटरची पुली, भागिले ब्लेडकडची पुली. १४४० फेऱ्यांची मोटर, तिला ६ इंची पुली आणि ब्लेडकडे २½ इंची असेल तर ३४५६ फेऱ्या. ब्लेडवर छापलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा हा आकडा कमीच हवा. जुनं मशीन घेताना पट्टा काढून ब्लेड हाताने फिरवा. बेअरिंग खरखरलं किंवा दांडा वर-खाली हलला तर किमतीतून तेवढे पैसे तोडा. टॉपवर वेल्डिंगचा सांधा दिसला तर ते मशीन सोडा.

मोठे कॅबिनेट सॉ आणि स्लायडिंग पॅनेल सॉ कारखान्यांसाठी आहेत. घरी त्यांची जागा नाही.

फेन्स

१० इंची ब्लेड मिनिटाला ४३०० फेऱ्या मारतं तेव्हा त्याच्या दातांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल तर लाकूड ब्लेडच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांवर दाबलं जातं. ते दात लाकूड उचलतात आणि त्याच वेगाने उभं राहणाऱ्याच्या पोटाकडे भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. हात लाकडावर असेल तर तोही त्याच ओढीत ब्लेडवर जातो. फेन्स अर्धा मिमी तिरका असला तरी कापलेल्या कडेवर काळपट भाजल्याच्या खुणा येतात. या खुणा दिसल्या की लोक ब्लेडला धार लावून आणतात, पण दोष बहुधा फेन्सचा असतो.

दुकानात जाताना स्टीलची १२ इंची पट्टी, गुण्या आणि साध्या ए-फोर कागदाचे तीन-चार तुकडे खिशात ठेवा. कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, त्यामुळे मोजमापाला तोच पुरतो. प्लग काढा आणि असं करा.

फेन्स ब्लेडपासून १०० मिमीवर आणून घट्ट करा. टेबलावर ब्लेडला समांतर असलेल्या मायटर खाचेच्या (आडव्या कापासाठी लाकूड धरणारा मायटर गेज जिच्यात सरकतो तिच्या) कडेपासून फेन्सपर्यंतचं अंतर पुढे मोजा, मग मागे मोजा. सोडा, हलवा, पुन्हा त्याच आकड्यावर आणा, पुन्हा मोजा. असं पाच वेळा. दरवेळी पुढचं-मागचं अंतर सारखंच यायला हवं. एकदा सारखं आणि एकदा एक मिमी फरकाचं आलं तर तो फेन्स तुम्हाला रोज त्रास देईल. फरक कायम सारखाच येत असेल तर मात्र चालतं, कारण तो स्क्रूने काढता येतो. मग फेन्स घट्ट असताना मागचं टोक एका बोटाने बाजूला दाबा. दिसण्याइतपत हलला तर ओली बाभूळ त्याला नक्कीच हलवेल.

पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंना दात असलेल्या पट्टीवर चालणारा फेन्स (रॅक आणि पिनियन) गोल मूठ फिरवली की दोन्ही टोकांनी एकदम सरकतो. छोट्या मशीनमध्ये हीच पद्धत सर्वांत भरवशाची. एकाच बाजूला पकडणारा पत्र्याचा फेन्स टाळा.

फेन्स किती लांब जायला हवा? शीटची रुंदी १२२० मिमी, तिचे दोन भाग ६१० चे. कपाटाच्या बाजूही २२ ते २४ इंचांच्याच असतात. म्हणजे ६१० मिमी पुरे. डीडब्ल्यूई ७४९२ ला ८२५ मिमी मिळतात. ते उपयोगी आहेत, पण केवळ तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

रायविंग नाइफ

हा ब्लेडच्या मागे, दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर उभा असणारा वक्र पत्रा. ब्लेड वर-खाली झालं किंवा कललं की तोही बरोबर हलतो. कापलेल्या फटीत तो बसतो, त्यामुळे लाकूड मिटलं तरी त्याच्यावर मिटतं, ब्लेडवर नाही. गार्ड काढावा लागेल असे काप असतात, उदाहरणार्थ अर्धवट खोलीची खाच. तेव्हाही ब्लेडपेक्षा किंचित ठेंगणा असलेला हा पत्रा तसाच राहू शकतो. म्हणून तो काढायचं निमित्तच उरत नाही.

त्याची जाडी पत्र्यावर कोरलेली असते. नियम असा की नाइफ ब्लेडच्या मधल्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा पातळ हवा. नाइफ २.२ मिमीचा असेल तर १.८ पत्रा आणि २.६ दात असं ब्लेड चालतं. त्याच मशीनवर २.० दातांचं पातळ ब्लेड लावलं तर लाकूड नाइफवर येऊन अडकतं. मग माणूस चिडून नाइफ काढून टाकतो, आणि तिथून पुढे अपघाताची वाट मोकळी होते. नवीन ब्लेड घेताना हे दोन आकडे कागदावर लिहूनच दुकानात जा.

देशी रंधा-कटरवर ही सोय नंतर करता येते, आणि जमते छान. या मशीनमध्ये बऱ्याचदा ब्लेड जागेवर असतं आणि टेबल वर-खाली होतं. म्हणजे सांगाड्याला बोल्टने बसवलेला पत्रा ब्लेडपासून नेहमी सारख्याच अंतरावर राहतो. फॅब्रिकेटरकडून अडीच मिमीचा पोलादी पत्रा ब्लेडच्या गोलाईत कापून घ्या (दात ३ मिमीचे आणि ब्लेडचा पत्रा २.५ मिमीपेक्षा पातळ असेल तर), दोन बोल्टनी आवळा आणि स्टीलची पट्टी टेकवून ब्लेडच्या बरोबर रेषेत आणा. जरा तिरका बसला तर लाकूड त्यावर आपटतं, म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवा.

बाकी भराभर पाहायच्या गोष्टी

मायटर खाच १९ मिमी रुंद आणि ९.५ मिमी खोल, म्हणजे ¾ बाय ⅜ इंच असावी. मग स्लेड (खाचेत सरकणारी लाकडी घसरपाटी) किंवा कापाला आधार देणारी इतर साधनं घरी करता येतात. खाच वेगळ्याच मापाची असेल तर आयुष्यभर पट्ट्या तासत बसाल. ब्लेडभोवतीची झाकणपट्टी किती जाड आहे ते काढून पाहा. ती नुसत्या पातळ पत्र्याची असेल आणि खाली कड नसेल तर प्लायची घट्ट बसणारी पट्टी करणं अवघड जातं, आणि तशी पट्टी नसेल तर मायका खालून फुटतो. भुशाच्या नळीचं तोंड ६० मिमीच्या आसपास असेल तर उत्तम, ३५ मिमी असेल तर ते वारंवार तुंबतं. १९ मिमी प्लायच्या एका आठ फुटी कापात सव्वाशे-दीडशे घनसेंटिमीटर लाकडाचा भुसा होतो. तो नाकात जाऊ देऊ नका. लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. व्हॅक्युम असला तरी एन ९५ मास्क लावा, एमडीएफ कापताना तर हमखास.

आणि विक्रेत्याला विचारा, कार्बन, स्विच आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) सांगली-सातारा-कोल्हापुरात मिळतं का? कार्बनची एक जास्तीची जोडी मशीनबरोबरच घ्या.

ब्लेड

मशीनबरोबर येणारं ब्लेड कामचलाऊ असतं. एकूण पैशांतला सातवा-आठवा हिस्सा ब्लेडसाठी बाजूला ठेवा. घनलाकडाच्या उभ्या चिराला २४ दात, सरमिसळ कामाला ४०, मायका लावलेल्या प्लायला आणि आडव्या कापाला ६० ते ८०. उभ्या चिराला ८० दातांचं ब्लेड लावलं की दातांमधल्या छोट्या खोबणीत भुसा मावत नाही, ब्लेड तापतं, लाकूड जळतं आणि मोटर दमते. मोटर कमी पडते म्हणून तक्रार असते तेव्हा आधी दात मोजा.

ब्लेडचं मधलं भोक ३० मिमी, २५.४ मिमी किंवा १५.९ मिमी असतं. मोठं भोक लहान दांड्यावर बसवायला तंतोतंत मापाची रिंग मिळते. कागद, टेप गुंडाळून बसवायचं नाही आणि भोक मोठंही करायचं नाही. प्लायमधला गोंद ब्लेडची धार लवकर मारतो. धारवाल्याकडे टाकण्याआधी ब्लेड कपड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून ब्रशने घासून पाहा. चिकटलेला राळगोंद निघाला की पुष्कळदा ब्लेड पुन्हा कापायला लागतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी

पहिली दोन कामं प्लग काढूनच. पहिलं, ब्लेड खाचेला समांतर आहे का. मायटर गेजला लाकडाचा तुकडा बांधा, त्यात एक स्क्रू बसवा. ब्लेडच्या एका दातावर पेनने खूण करा. खुणेचा दात पुढे आणून स्क्रूचं टोक त्याला हलकेच टेकेल इतका स्क्रू फिरवा. मग तोच दात हाताने मागे फिरवा, गेज मागे सरकवा. तोच दात वापरायचा, कारण ब्लेड किंचित वाकडं असलं तरी त्याचा हिशोबात गोंधळ होत नाही. मागे स्क्रू आणि दात यांत कागदाचा एक तुकडा सरकला तर ठीक. तीन सरकले, किंवा दात स्क्रूला अडायला लागला, तर पुस्तिकेत दाखवलेले बोल्ट सैल करून दुरुस्त करा.

दुसरं, फेन्स त्याच खाचेला समांतर करा. मागचं टोक ब्लेडपासून एक कागद दूर चालेल, ब्लेडकडे झुकलेलं अजिबात चालणार नाही.

मग प्लग लावा आणि तीन इंच रुंदीच्या सरळ फळीवर मायटर गेजने आडवा काप घ्या. ब्लेड लाकडाच्या वर ३-५ मिमीच काढायचं. उभं राहताना ब्लेडच्या रेषेत न राहता थोडं बाजूला, हातमोजे नकोत, ओढणी, उपरणं, सैल बाही नको. फेन्स आणि मायटर गेज एकाच वेळी वापरून आडवा काप घ्यायचा नाही, तुकडा दोघांच्या मध्ये अडकतो आणि उडतो. फेन्स आणि ब्लेड यांच्यात एक वीतभर जागा नसेल तर हाताऐवजी लाकडी ढकलपट्टी. ही पट्टी १२ मिमी प्लायची फूटभर लांब करून घ्या, टोकाला लाकडाच्या मागे अडेल अशी खाच ठेवा आणि मशीनलाच टांगा, म्हणजे शोधायला जावं लागत नाही.

कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एक उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा सपाट काचेवर एकमेकींना टेकवून उजेडात धरा. वर किंवा खाली फट दिसली तर ब्लेड ९० अंशांत नाही. दिसते ती फट चुकीच्या दुप्पट असते, म्हणून अर्धीच दुरुस्ती करा, पुन्हा कापा, पुन्हा जुळवा. उजेड येईनासा झाला की ९० चा थांबा घट्ट करा आणि कोनाच्या पट्टीवरचा काटा शून्यावर आणून ठेवा.

शेवटी फेन्सचं माप लावा. टाकाऊ प्लायची पट्टी फेन्सला टेकवून चिरा, कॅलिपरने तिची रुंदी मोजा आणि फेन्सच्या पट्टीवरची खूण त्या आकड्यावर सरकवा. वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं की ही खूण परत लावावी लागते.